पिसदुऱ्याचे गोटे शाळेत आलेत, त्यांचं काय करावं?

वरोरा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी वरोरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्या भागातलं पिसदुरा आणि डोंगरगाव ही नावं जगभरच्या जीवाश्मशास्त्रज्ञांना पाठ आहेत. आमच्या पोरांना मात्र ती फक्त मामाची नाहीतर आत्याची गावं म्हणून माहीत.

यंदा सातवीला जीवाश्म शिकवताना मी सांगितलं की आपल्या तालुक्यात डायनासोरची हाडं सापडली आहेत. दुसऱ्या दिवसापासून दप्तरातून गोटे यायला सुरुवात झाली. आता वर्गाच्या खिडकीत ढीग लागलाय. काही साधे नदीतले गोटे आहेत, काही गारगोट्या आहेत आणि काही खरोखर वेगळे दिसतात. एक तर मुठीएवढा, करडा-तपकिरी, एका टोकाला निमुळता, अंगावर लांबट खाचा आणि मध्ये दाबल्यासारखी एक वळी. हे जीवाश्म झालेलं शेण असावं असा माझा अंदाज आहे.

विचारायचं ते असं: खेड्यातल्या माणसाने हे ओळखायचं कसं? आणि खरं निघालं तर शाळेत ठेवावं की कुठे कळवावं? माझं मत स्पष्ट आहे. जिथे सापडलं तिथल्या मुलांना ते बघायला मिळालंच पाहिजे.

धुऱ्यावरचा

मास्तर, आमच्या वावरात बी निघतात असे गोटे. वखराच्या पासीला लागले का उचलून धुऱ्यावर. आज्याच्या काळापासून तेच चालू हाय. तुम्ही लिवा बाप्पा सविस्तर, मी वाचतो हाय.

भूस्तर

मास्तर, तुमचं वर्णन वाचून आनंद झाला. मी आयुष्यभर खडक पाहिलेत, आता नागपुरात निवृत्त आहे. ओळखायच्या काही गोष्टी सांगतो, पण फोटोवरून पक्कं सांगणार नाही.

हाड असेल तर तुटलेल्या बाजूला बारीक जाळी दिसते. भिंग लावलं की छिद्रंच छिद्रं. या छिद्रांमुळे जुनं हाड ओल्या जिभेला चिकटतं. रानात जागेवर करायची ही जुनी परीक्षा आहे, गुळगुळीत गोटा चिकटत नाही. तरी चिकटला म्हणजे हाडच, असं नाही. चिकणमातीचे काही खडेही चिकटतात.

शेणाचा जीवाश्म ओळखायचा तो आकारावरून: निमुळतं टोक, वळ्या, आकसल्याच्या खुणा. पिसदुऱ्याच्या या नमुन्यांचं वर्गीकरण मॅटली या भूवैज्ञानिकाने १९३९ साली केलं आणि त्याचे अ, ब, बअ, क असे प्रकार आजही वापरतात. त्यातला अ सगळ्यात मोठा.

खडक कोणता, हेही पाहा. आपल्याकडे काळ्या बेसॉल्टच्या खाली काही ठिकाणी लॅमेटा थर आहे. पिसदुऱ्याला तो लाल चिकणमातीचा आहे. डायनासोर त्या थरात. वरच्या काळ्या दगडात हाड सापडलं असं कोणी म्हणालं, तर आधी शंका घ्या.

संत्रानगरी

भूस्तर काका, हाडाला जीभ लावली समजा. पण मास्तरांच्या त्या दुसऱ्या गोट्याला कोण लावणार? 😄

भूस्तर

त्याला लावायची गरज नाही रे. आणि लावलीच तरी साडेसहा कोटी वर्षांत त्याचा दगड झालाय, वासही उरलेला नाही.

ऋजुता_पुणे

साडेसहा कोटी कसं कळलं? कार्बन डेटिंग का? आणि शेण शाकाहारी प्राण्याचं हे कशावरून?

भूस्तर

कार्बन नाही. ती पद्धत फार तर ५०,००० वर्षांपर्यंत चालते, त्यापुढे मोजण्याइतका किरणोत्सारी कार्बन शिल्लकच राहत नाही. इथे वरचा बेसॉल्ट कामी येतो. लाव्हा थिजला की त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा हळूहळू आर्गॉन होत राहतो, तो मोजला की वय निघतं. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लॅमेटा त्याच्या खाली, म्हणजे त्याहून थोडा जुना. त्या वेळी आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. शेणाचं मात्र वनस्पतीवाल्यांनी सांगावं.

पर्णिका_अमरावती

आले! हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते.

गवताच्या पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात. गवताच्या पातीने बोट कापतं, त्यात या सिलिकाचा हात असतो. वनस्पती कुजते, पण हे कण कुजत नाहीत. त्यांचा आकार वनस्पतीच्या गटाप्रमाणे वेगळा असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगता येतं की हा कण ताडवर्गातला आणि हा गवताचा.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, त्यांच्यासोबत कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या शेणाच्या गोळ्यांतून हे कण वेगळे काढले. ते काम २००५ साली 'सायन्स' नियतकालिकात आलं. त्यात ताड होते, सूचिपर्णी होते आणि गवतही होतं, तेही निदान पाच प्रकारचं! तोपर्यंत सगळीकडे शिकवलं जायचं की डायनासोर संपले आणि त्यानंतर बऱ्याच काळाने गवत आलं. ते मत वरोरा तालुक्यातल्या शेणाच्या गोट्यांनी बदललं. मला याचा फार अभिमान वाटतो आणि दरवर्षी पहिल्या तासाला मी हेच सांगते.

एक खुलासा हवाच. हे शेण टायटॅनोसॉर गटातल्या लांब मानेच्या डायनासोरांचं, असं मानतात ते मुख्यतः त्यांची हाडं त्याच थरात सापडली म्हणून. शेणावर कोणी नाव लिहून जात नाही. आणि त्यांच्या आहारात गवत मुख्य नव्हतं, इतर पाल्यासोबत थोडं जात होतं.

२०११ मध्ये याच ठिकाणच्या नमुन्यांत भाताच्या गटातल्या गवताचे कण ओळखले गेले.

धानवाला_साकोली

थांबा थांबा. धान? डायनासोर धान खात होता? पर्णिका ताई, हे आमच्या भंडाऱ्याच्या पोरांना सांगितलं तर ते अभ्यासाला बसतील.

पर्णिका_अमरावती

दादा, आजचा धान नाही. धान ज्या कुळशाखेत मोडतो, त्या शाखेतलं रानगवत. पण धानाच्या नात्यातलं म्हणायला काहीच हरकत नाही, पोरांना जरूर सांगा.

आणि शेतकऱ्यांसाठी अजून एक. या गोळ्यांमध्ये बुरशीही सापडली आहे. द्राक्षावर, भाजीपाल्यावर भुरी येते ना, तिच्या वर्गातल्या बुरश्या, आणि मिरचीवर जी फळकुज नि करपा आणते त्या कोलेटोट्रिकमसारख्या. म्हणजे प्राण्याने रोगट पानं खाल्ली आणि पानावरचा रोगसुद्धा दगडात टिकला.

धुऱ्यावरचा

भुरी तवापासून हाय? मंग आमच्या फवारणीनं का जाते ती!

वणीकर

डायनासोरच्या गडबडीत आमच्या कोळशाला विसरू नका. आमच्या वणी-चंद्रपूर पट्ट्यातला कोळसा डायनासोरच्या फार आधीचा, पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना. कोळसा खाणीच्या ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यात करड्या पाटीसारखा दगड असतो. तो थरावर हलकेच उकलला की कधी कधी आत आख्खं पान दिसतं. जिभेसारखं लांबट, मध्ये जाड शीर आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. काळं पान, करड्या दगडावर. त्याचं नाव ग्लॉसोप्टेरिस.

ढिगाऱ्यातला दगड दोन पावसाळ्यांत फुटून चुरा होतो. रोज डंपर येतात, रोज पानं गाडली जातात. माझा जीव तुटतो.

याच पानाची एक गोष्ट मी लेकीला नेहमी सांगतो. कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली सहकाऱ्यांसह मरण पावला. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड सापडले. थंडीने मरायला टेकले तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यात ग्लॉसोप्टेरिसची पानं होती. अंटार्क्टिकात जे पान, तेच वणीत. दोन्ही भूखंड एकत्र होते याचा तो मोठा पुरावा ठरला. त्या जोडलेल्या भूखंडाला एड्वार्ड स्यूस या भूवैज्ञानिकाने गोंडवाना म्हटलं, आपल्या गोंडांच्या मुलखावरून.

ऋजुता_पुणे

अंगावर काटा आला. गोंडवाना शाळेत पाठ केलं होतं, ते या मुलखावरून आलं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

प्राणहितेकाठचा

सिरोंच्यातून लिहितोय. आमच्याकडचं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडीत १८५० च्या सुमारासच माशांचे जीवाश्म सापडले, चकचकीत जाड खवल्यांचे. त्या गावावरून आख्ख्या थराचं नाव कोटा पडलं, ज्युरासिक काळाचं. कोटाथेरियम या आदिम सस्तन प्राण्याच्या नावातही आमचं गाव आहे. नदीपलीकडे तेलंगणात पोचमपल्लीला बारापासॉरस हा डायनासोर निघाला, निदान सहा जनावरांची मिळून ३०० च्या आसपास हाडं. आमच्या बाजूला वडधमला जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडाची खोडं आहेत.

आता माझं दुखणं. बारापासॉरस कोलकात्याला. डोंगरगावचा डायनासोर आयसिसॉरस, तोही कोलकात्याला. जिथे सापडलं तिथल्या पोराला ते बघायला हजार किलोमीटर जावं लागतं. मास्तर म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे. कोणाच्या हाती काहीही देऊ नका, शाळेतच ठेवा.

पर्णिका_अमरावती

दादा, दुखणं खरं आहे, पण उपाय मला पटत नाही. डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते १९८६ च्या दरम्यान ती हाडं निघाली आणि १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्यांचं वर्णन छापलं. मधली वर्षं हाडाभोवतीचा दगड सुईने, छिन्नीने सोडवण्यात, चिरा बुजवण्यात, एकेक मणका दुसऱ्या देशांतल्या मणक्यांशी ताडून बघण्यात जातात. ते काम झालं म्हणून आज आपण 'डोंगरगावचा' असं ठामपणे म्हणतोय. २००३ मध्ये त्याला आयसिसॉरस हे नाव मिळालं, ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. हाडं गावात पडून राहिली असती तर हे झालं नसतं.

प्राणहितेकाठचा

ताई, अभ्यास करू नका असं मी म्हणत नाही. अभ्यास झाला ना? मग तीस-चाळीस वर्षांत हुबेहूब प्रतिकृती करून वरोऱ्यात, सिरोंच्यात का उभी राहिली नाही? गावात चार ओळींचा मराठी फलक लावायला कोणती प्रयोगशाळा लागते? संशोधक येतात, आमच्या पोरांना मजुरीवर घेतात आणि जातात. पुन्हा कोणी सांगायला येत नाही की बाबा रे, तू जे खणलंस ते हे होतं.

पर्णिका_अमरावती

यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रतिकृती आणि फलक, दोन्ही मागण्या रास्त आहेत. माझी सही धरा.

संत्रानगरी

+१. माझीही.

अजिंठ्याखालचा

बुलढाण्याकडे आमच्या शेतात विहीर खणताना गोल गोल मोठे दगड निघाले, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. गावात सगळे डायनासोरची अंडी म्हणतात, एका वाहिनीवर बातमीही आली. कोणी सांगेल का?

भूस्तर

बेसॉल्टच आहे तो. काळ्या दगडाला चौकोनी भेगा असतात. पाणी त्यांतून शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि आतला भाग गोल होत पापुद्रे सुटतात. खऱ्या अंड्याचं कवच एक-दोन मिलिमीटरच्या घरातलं असतं, भिंगाखाली त्यावर दाणे आणि श्वसनाची छिद्रं दिसतात. वाहिनीला हे कळवा, दुसरी बातमी होईल.

तसंच फोडलेल्या दगडावर काळी, शेवाळासारखी नक्षी दिसली तर तीही वनस्पती असेलच असं नाही. मँगनीजचे क्षार फटीत शिरून अशी नक्षी उमटते. तिला मधली शीर नसते. वणीकरांच्या पानाला आहे, तो फरक.

तुळसाबाईचा_नातू

शाळिग्राम पण जीवाश्मच ना? आमच्या देवघरात आहे. विदर्भात सापडतो का?

भूस्तर

हो. अ‍ॅमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा, नेपाळात गंडकीच्या पात्रात येतो. विदर्भात शोधू नका, आपले लॅमेटाचे आणि कोळशाचे थर नद्या-तळी-दलदलीतले आहेत. गंमत अशी की शेजारच्या छिंदवाड्यात झिलमिलीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं मिळाली आहेत. म्हणजे डायनासोर संपल्यानंतर लगेचच्या काळात समुद्राचा एक फाटा तिथवर आत आला असावा.

नागपूर_जुने

हिस्लॉप कॉलेजात शिकलेले इथे बरेच असतील. ते ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होतेच, पण नागपूर परिसरातल्या जीवाश्मांचा पहिला मोठा अभ्यास त्यांचा आणि रॉबर्ट हंटर यांचा. टाकळीच्या गाळातल्या शिंपल्या-गोगलगायी, मांगलीच्या वालुकाश्मातली उभयचराची कवटी, पिसदुऱ्याची हाडं, सगळीकडे त्यांचा माग आहे. त्या कवटीचं वर्णन लंडनला रिचर्ड ओवेन यांनी केलं, म्हणजे 'डायनासोर' हे नाव देणाऱ्यानेच. हिस्लॉप १८६३ मध्ये, जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना, ओढ्याच्या पुरात बुडून गेले. धर्मप्रसाराबद्दल कोणाचं काय मत असेल ते असो, पायी आणि घोड्यावर हिंडून त्यांनी केलेल्या नोंदी आजही वापरल्या जातात.

वरोरा_मास्तर

एवढं सगळं वाचून मी भारावून गेलोय. आता एक काळजी. गावात मागच्या वर्षी एक माणूस गाडी घेऊन आला होता, पोरांना गोट्यामागे दहा-वीस रुपये देऊन पोतं भरून घेऊन गेला. मजुराच्या पोराला वीस रुपये मोठे असतात, त्याला कसं थांबवायचं? कायदा आहे का?

भूस्तर

केंद्राने २०२२ मध्ये भूवारसा जपण्यासाठी विधेयकाचा मसुदा काढला होता. पण गावात थांबवायचं तर कायद्याआधी ग्रामसभा उपयोगाची. ठराव घ्या, पोलीस पाटलांना सांगा, गाडीचा नंबर लिहून ठेवा.

आणि तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत देतो. दगडापेक्षा त्याची जागा महत्त्वाची आहे. कोणत्या थरात होता, वर काय, खाली काय, शेजारी दुसरं काय होतं, हे कळलं तर शेणाच्या गोळ्यावरून त्या काळचं रान उभं करता येतं. जागा हरवली की तो फक्त कुतूहलाचा गोटा उरतो. त्या गाडीवाल्याने गोटे नेले, त्यापेक्षा त्यांचे पत्ते नेले हे वाईट. खिडकीतला ढीग कितीही सुंदर असला तरी प्रत्येक गोटा कोणाच्या वावरातला हे लिहिलेलं नसेल तर त्याचा अभ्यासाला उपयोग जवळपास नाही.

वणीकर

इथे माझी थोडी असहमती. 'काही उचलू नका, जागेवर ठेवा' हे पुस्तकात ठीक. नांगरात, रोटाव्हेटरमध्ये, खाणीच्या डंपरखाली जे जाणारच आहे ते उचललंच पाहिजे.

भूस्तर

सहमत. मातीवर सुटा पडलेला उचला, नोंदीसकट. मातीत रुतलेला, विशेषतः मोठं हाड, अजिबात उकरू नका. फोटो काढा, वर माती सारून झाका आणि कळवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे, तिथे लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागालाही प्रत पाठवा. अ‍ॅसिड, फेव्हिकॉल, वॉर्निश काही लावू नका.

पर्णिका_अमरावती

आणि धुऊ नका मास्तर, प्लीज! गोळ्याला चिकटलेल्या मातीतही परागकण आणि कवचं असतात. नमुना वर्तमानपत्रात गुंडाळा, चिठ्ठी आत टाका, पेन्सिलने लिहा. पेनची शाई ओलीत पसरते.

प्राणहितेकाठचा

म्हणजे शेवटी पुन्हा नागपूर, पुन्हा कोलकाता?

वरोरा_मास्तर

दादा, तुमची बाजू मी सोडलेली नाही. असं ठरवतोय: शाळेची एक नोंदवही. त्यात पोराचं नाव, गावाचं नाव, वावर कोणाचं, मोबाईलवरून अक्षांश-रेखांश, तारीख, मातीचा रंग, आणि गोट्याशेजारी पट्टी ठेवून फोटो. अभ्यासाला नमुना मागितला तर देऊ, पण पोच घेऊन, आणि पत्रातच लिहून की अभ्यास झाला की काय निघालं ते शाळेला मराठीत कळवायचं आणि निदान एक प्रतिकृती किंवा फोटो-फलक द्यायचा. जे गोटे आधीच पत्त्याविना आलेत ते शाळेत हाताळायला ठेवतो. भिंग लावून बघायला, हाड आणि गारगोटी शेजारी ठेवून ओळखायला ते चालतील ना?

भूस्तर

उत्तम चालतील. तो मुठीएवढा मात्र वेगळा ठेवा. ज्या पोराने आणला त्याला घेऊन जागा पाहा, पेरणी व्हायच्या आत. एकदा सोयाबीन उभं राहिलं की दिवाळीपर्यंत जमीन दिसणार नाही.

पर्णिका_अमरावती

भिंग दहापट मोठं करणारं घ्या. माझ्याकडे विभागातली दोन जुनी आहेत, पत्ता निरोपात कळवा, पाठवते.

धुऱ्यावरचा

मास्तर, ते पोरगं माह्या चुलतभावाचं हाय, मी विचारलं त्याले. गोटा नाल्याच्या वरच्या अंगाच्या वावरातला हाय, लाल माती हाय तिथं. रविवारी सकाळी या, वखरणी सुरू करायच्या आधी. धुऱ्यावरचे बी दाखवतो, कोणता गोटा कोणत्या तासातला ते आमच्या बुढ्याले अजून आठवते. वही घेऊन या.

वरोरा_मास्तर

येतो. सातला निघतो, सोबत आठवीची चार पोरं आणतो. पेन्सिली आणि जुने पेपर घेतलेत.